दोनशे अकरा पास, एक नापास

ॲनिमेशन शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी चेंडू उडवायला लावतात. चेंडू खाली येतो, आपटतो, जरा चपटा होतो आणि वर जातो. मीही उडवला. वाशीच्या एका क्लासमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, माझ्या निम्म्या वयाच्या अकरा जणांबरोबर बसून. त्याला तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत मी लहानमोठी एकशे चौऱ्याऐंशी कामं केली. सगळ्यांची यादी माझ्या वहीत आहे. त्यांतल्या एकाही गिऱ्हाइकानं माझ्याकडे उडणारा चेंडू मागितलेला नाही.

मागतात काय, ते सांगते. आग लागल्यावर कुठल्या दारानं बाहेर पडायचं. ॲसिडचा ड्रम कसा कलता करायचा. शिडीवर चढताना पट्टा कुठे अडकवायचा. कारखान्यातल्या माणसानं हे संगणकावर किंवा फोनवर बघायचं, मध्ये मध्ये काही दाबायचं, काही ओढायचं, काही फिरवायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. अशा धड्याला आमच्या कंपनीत मॉड्यूल म्हणतात. त्यातली हलणारी चित्रं मी करते. नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं की मी कार्टून काढते. गणपतीत दर वर्षी कोणी ना कोणी मुलांसाठी उंदीर काढून मागतं. मला उंदीर येत नाही. पंप येतो, जिना येतो, फायर एक्स्टिंग्विशर येतो.

त्याआधी सतरा वर्षं मी रबाळ्याला एका कारखान्यात ड्रॉइंग करत होते. आयटीआयच्या माझ्या सर्टिफिकेटवर ‘ड्राफ्ट्समन’ लिहिलेलं आहे. बाई असले तरी तेच. आधी टेबलावर, मग संगणकावर. मग कारखान्यानं ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि आम्ही नऊ जण घरी आलो. ॲनिमेशनचा क्लास लावला तो हौस म्हणून नाही. माऊस धरता येत होता आणि सरळ रेघ मारता येत होती, एवढंच भांडवल होतं.

आता तर क्लासही नको म्हणतात. ‘एका तासात ॲनिमेशन शिका’ असे व्हिडिओ आहेत. मी त्यांतले चौदा शेवटपर्यंत पाहिले आहेत. त्या तासातली पहिली नऊ मिनिटं शिकवणारा स्वतःबद्दल बोलतो. पुढे चेंडू. मग चेंडूला डोळे काढतो. मग डोळा मारणारा चेंडू वेबपेजवर कसा ठेवायचा ते दाखवतो, आणि आता तुम्ही ॲनिमेटर झालात असं सांगतो. कोणी त्याला विचारत नाही की हा चेंडू बघून कोणाला काय कळणार आहे.

जे खरंच लागतं ते पाच मिनिटांत सांगता येतं, म्हणून सांगते. पडद्याच्या खाली एक लांब पट्टी असते, तिच्यावर घरं. एका सेकंदाला चोवीस घरं. पहिल्या घरात बंद दार काढायचं, चोविसाव्यात उघडं. मधली बावीस घरं सॉफ्टवेअर भरतं. दुसरी गोष्ट सिंबल. हा रबरी शिक्क्यासारखा असतो. एकदा एक चाक काढलं आणि त्याचा सिंबल केला, की हवं तिथे त्याचा ठसा उमटवायचा. ठसा लहान करा, मोठा करा, आरशात दिसेल तसा उलटा करा. शिक्का तोच राहतो. तिसरी गोष्ट, आमची चित्रं थांबून वाट बघतात. समोरच्यानं काही केल्याशिवाय पुढे जात नाहीत. सिनेमावाल्याला आपला प्रेक्षक खुर्चीत काय करतोय याची फिकीर नसते. आम्हाला असायला हवी.

बाकी सगळं सराव. आणि हेही सांगून ठेवते की शिकलेलं टिकत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर मी सुरुवात केली त्याची फाइल चालवणं ब्राऊझरनी एके दिवशी बंद केलं. सूचना आधीपासून होती. आमच्या ऑफिसात ती कोणी मनावर घेतली नव्हती. माझी एकसष्ट कामं त्या दिवसापासून करड्या चौकोनासारखी दिसतात. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा पहिल्या धड्यावर आले. नव्या सॉफ्टवेअरचा पहिला धडा काय होता, ते सांगायला नको. चेंडू जरा गुळगुळीत उडत होता.

गिऱ्हाइकांबद्दल लिहायचं तर हा अंक पुरणार नाही. एकानं आग हिरवी मागितली, कारण कंपनीचा लोगो हिरवा. मी म्हटलं, हिरव्या आगीपासून कोण पळेल? तो म्हणाला, ब्रँड गाइडलाइन आहे. केली हिरवी. दुसऱ्यानं घसरून पडणाऱ्या कामगाराच्या तोंडावर हसू मागितलं, कारण मॉड्यूलचा टोन पॉझिटिव्ह हवा होता. मी पडणारा हसरा माणूसही काढलेला आहे. या लोकांवर हसत मी बरीच वर्षं आरामात काढली. चुका करायच्या त्या दुसऱ्यांनी, असा माझा समज होता. तो ज्या कामात गेला, ते सांगण्यासाठी हा लेख.

तळोज्याच्या बाजूला, नावड्याच्या अलीकडे, रसायनांचा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. तिथे पंपांच्या दोन लाइन. मधल्या वाटेच्या डावीकडे ए, उजवीकडे बी. दोन्ही एकसारख्या, फक्त एकीचं डावं ते दुसरीचं उजवं. मॉड्यूलचा विषय असा: पाइपमधून गळती दिसली तर सगळ्यात आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कसा. पडद्यावर व्हॉल्व्हचं गोल चाक दिसतं. शिकणाऱ्यानं त्यावर बोट ठेवून ते फिरवायचं. बरोबर फिरवलं की वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतात आणि ‘शाब्बास’ येतं. चुकीचं फिरवलं की लाल पाटी.

ते कागदाचे तुकडे माझे नव्हेत. ते निशांतचे. निशांत आमचा टीम लीड, वय एकतीस, वागायला चांगला, बोलायला कठीण.

“मॅडम, इथे सेलिब्रेशन मोमेंट पाहिजे,” तो म्हणाला.

“गळती झाली आहे ना? सेलिब्रेशन कसलं?”

“व्हॉल्व्ह बंद केला ना त्यानं. रिवॉर्ड नको? एंगेजमेंट कशी येणार?”

“लग्नाआधी येते तशी,” मी म्हटलं. तो हसला आणि तुकडे ठेवायला लावले.

ए लाइन मी एकतीस तासांत काढली. पाइपाचे बोल्टसुद्धा मोजून. प्लांटच्या फोटोंवरून चाकाचे आरे पाच आहेत हे बघितलं आणि पाचच काढले. बी लाइनसाठी दोन दिवस उरले होते. ड्रॉइंग करणाऱ्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते हाताला माहीत असतं. एक बाजू काढायची आणि दुसरीवर लिहायचं: अशीच, उलट हाताची. संगणकावर तर लिहायलाही नको. सगळी ए लाइन निवडली, तिची प्रत घेतली आणि आरशात धरल्यासारखी उलटी केली. बी लाइन तयार. चार मिनिटं लागली.

अर्थात उलटं केल्यावर पाट्यांवरची अक्षरंही उलटी झाली. ती मी एकेक करून सरळ केली. सतरा पाट्या. गेजवरचे आकडे सरळ केले. सेफ्टी बोर्डावरचा बाण तपासला. स्वतःवर खूश होऊन मी त्या दिवशी साडेपाचला घरी गेले.

चाकाकडे बघितलं नाही.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्थिर चित्र आरशात धरलं तर डाव्याचं उजवं होतं, बास. फिरणारं चाक आरशात धरलं तर ते उलटं फिरतं. घड्याळ आरशात बघा, काटे उलटे जातात. ए लाइनचं चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की बंद होत होतं. बी लाइनचं, माझ्या कृपेनं, काट्यांच्या विरुद्ध. खऱ्या प्लांटवर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच दिशेनं बंद होतात, जगातले बहुतेक सगळे होतात तसेच. म्हणजे आमच्या मॉड्यूलमध्ये बी लाइनचा व्हॉल्व्ह बरोबर फिरवला की लाल पाटी, आणि सताड उघडला की ‘शाब्बास’. आरशात स्क्रूचे आटे उलटे होतात, हे मला सतरा वर्षं माहीत होतं. ज्यूनियर मुलांना मीच सांगायचे.

मॉड्यूल सात जणांनी तपासलं. तीन आमच्याकडचे, चार त्यांच्याकडचे. एकंदर त्रेचाळीस सूचना आल्या. लोगो मोठा करा. हेल्मेट पिवळं नको, पांढरं हवं. ‘पुढे’चं बटण जास्त गोल करा. कामगाराचं पोट कमी करा. चाकाबद्दल एकही नाही. सात जणांपैकी किती जणांनी आयुष्यात व्हॉल्व्हला हात लावला होता, ते मी विचारलं नाही. मला अंदाज आहे.

मॉड्यूल सुरू झालं. आठवड्यानं पहिल्या साठ जणांचा रिपोर्ट आला. रिपोर्ट वाचणं हा माझा आवडीचा भाग. सहावा प्रश्न ए लाइनच्या व्हॉल्व्हचा: बहुतेक सगळे पहिल्या फटक्यात बरोबर. चौदावा बी लाइनचा: साठांपैकी सत्तावन्न जण पहिल्यांदा चूक. मग दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बरोबर.

“चौदाव्यापर्यंत कंटाळत असतील,” मी निशांतला म्हटलं.

“कॉन्ट्रॅक्ट लेबर आहेत मॅडम. बघतात कुठे? नुसतं बोट फिरवतात.”

मी मान हलवली. हे मी लिहून ठेवते आहे, कारण या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज या मान हलवण्याची वाटते. सत्तावन्न माणसं एकाच प्रश्नाला एकसारखी चुकतात, तेव्हा आकडे आवडणाऱ्या बाईनं आधी प्रश्नाकडे बघायला हवं होतं. मी माणसांकडे बघितलं, तेही न भेटता. आणि उपाय काय केला? पहिल्यांदा चुकलं की चाकाभोवती एक मोठा पिवळा बाण दिसेल, असं केलं. चाक कुठे फिरवायचं ते दाखवणारा. तो बाणही त्याच उलट्या चित्रात ठेवला, म्हणजे तोही उलटा.

बाण लागू पडला. पुढच्या आठवड्यात कोणी तिसऱ्या फटक्यापर्यंत गेलं नाही. निशांतनं कंपनीच्या मीटिंगमध्ये त्याचा आलेख दाखवला. ‘सावंत मॅडमचा इनसाइट’ असं त्याला नाव दिलं होतं.

शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा एकूण दोनशे बारा जण होते. दोनशे अकरा पास, एक नापास. नापास माणसाचं नाव जनार्दन म्हात्रे, कॉन्ट्रॅक्ट ऑपरेटर. परीक्षा तीनदा देता येते आणि प्रत्येक वेळी चाक तीनदा फिरवता येतं. म्हात्रे नऊच्या नऊ वेळा चुकला होता. व्हॉल्व्हचा प्रश्न चुकला तर बाकी कितीही बरोबर असलं तरी माणूस नापास, असा कारखान्याचा नियम होता. बाकीचे तेवीस प्रश्न त्यानं तिन्ही वेळा बरोबर सोडवले होते.

हा हिशेब मला खटकला. तेवीस प्रश्न बिनचूक येणारा माणूस एकाच ठिकाणी नऊ वेळा आपटत नाही. मला वाटलं त्याच्या फोनची काच फुटकी असणार, बोट लागत नसणार. तसं असेल तर दुरुस्त करायला हवं, म्हणून मी जाऊन बघते म्हटलं. निशांत म्हणाला, एका माणसासाठी कशाला? मी पेंधरपर्यंत मेट्रोनं गेले आणि पुढे रिक्षानं.

तो बुधवार होता. ट्रेनिंग रूममध्ये सेफ्टी ऑफिसर देसाई होते आणि त्यांच्या शेजारी पन्नाशीचा एक सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा.

“हे आमचे जनादादा,” देसाई म्हणाले. “जवळच्याच गावचे. बावीस वर्षं याच प्लांटवर. आणि तुमच्या परीक्षेत नऊ वेळा आउट.”

“आउट नाय साहेब,” तो माणूस शांतपणे म्हणाला. “अंपायर खोटारडा हाय.”

देसाई हसले. मी नाही हसले. मी अंपायरच्या बाजूनं आले होते.

देसाईंनी मला परिस्थिती सांगितली. जनादादांचा गेटपास शनिवारी संपत होता. परीक्षा पास झाल्याशिवाय नवा पास मिळत नाही. पास नाही तर ठेकेदार सोमवारी त्या जागी दुसरा माणूस उभा करणार, आणि एकदा उभा केला की तो हलत नाही. परीक्षा पुन्हा उघडून द्यायची, म्हणजे रिसेट, तर ते मुंबईच्या ऑफिसातून होतं, सात दिवस लागतात. सात दिवस नव्हते.

मी जनादादांना फोनवर सरावात तो प्रश्न दाखवायला सांगितला. काच फुटकी नव्हती. त्यांनी चष्मा लावला, बी लाइनच्या चाकावर बोट ठेवलं आणि सावकाश, पूर्ण गोल, उजवीकडे फिरवलं. लाल पाटी आली. पाठोपाठ माझा पिवळा बाण.

“बाण दिसतोय ना तुम्हाला?” मी विचारलं.

“दिसतोय की. बान उलटा हाय.”

“बाकीच्या दोनशे अकरा जणांना जमलं, दादा.”

“त्यांना पास व्हायचं व्हतं. मना बी व्हायचं हाय. पन हाताला उलटी सवय कशाला लावू?”

“अहो, हे नुसतं पडद्यावर आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मॅडम, तुमी शिकवता पडद्यावरच ना?”

मग त्यांनी विचारलं, “तुमच्या घरचा नळ तुमी कुनीकडं फिरवून बंद करता?”

मी उजवा हात हवेत धरला आणि नळ बंद केला. उजवीकडे. हात तसाच राहिला आणि मी फोनवरच्या बाणाकडे बघितलं. बाण डावीकडे जात होता, पिवळाधमक, सेकंदाला चोवीस घरांच्या वेगानं, माझ्या हातचा.

“नव्या मानसाचं काय व्हतं सांगू?” जनादादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “लाइनीला गलती असली, की तो पयला घाबरलेला असतो. उलटा फिरवतो. चाक फिरतंय म्हंजे बंद व्हतंय, असं वाटतं त्याला. पानी वाढलं, की म्हनतो कमी फिरवलं. मंग आनखी फिरवतो.”

देसाईंचं हसू गेलं होतं. मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि फाइल उघडली. बी लाइनचं सगळं चित्र निवडलं. शेजारच्या चौकटीत मापं येतात. उंची शंभर टक्के. रुंदी वजा शंभर टक्के. एवढंच होतं. एक वजा चिन्ह. मी ते सात जणांच्या तपासणीतून, दोन रिपोर्टांतून आणि एका आलेखातून सुखरूप पार नेलं होतं.

“चूक आमची आहे,” मी देसाईंना सांगितलं. “माझी आहे.”

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून तो आकडा बघितला. मग म्हणाले, “म्हात्र्याचं उत्तर बरोबर होतं असं मॉड्यूल करणाऱ्यानं लेखी दिलं, तर रिसेटची गरज नाही. मी माझ्या सहीनं पास करू शकतो. पण लेखी पाहिजे. टेक्निकल इश्यू वगैरे लिहिलंत, तर मला ते मुंबईलाच पाठवावं लागेल.”

जनादादा दारापर्यंत सोडायला आले. “मॅडम, तुमी लिवाल ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ऑफिसात कोणाला विचारून ‘हो’ म्हणायची माझी पद्धत आहे. त्या दिवशी ती पाळली नाही.

दुपारी निशांतला सांगितलं. त्यानं फाइल बघितली, डोकं धरलं आणि अर्ध्या मिनिटात सावरला. हे त्याच्या वयाच्या लोकांना छान जमतं.

“फिक्स करायला किती वेळ लागेल?”

“चार तास. चाक वेगळं काढून परत बसवायचं.”

“मग उद्या अपडेट टाकू. व्हर्जन एक पूर्णांक दोन. मायनर इम्प्रूव्हमेंट्स.”

“आणि म्हात्रे?”

“टेक्निकल इश्यू म्हणून रिसेट मागू.”

“त्याला सात दिवस लागतात. त्यांचा पास शनिवारी संपतो.”

“मॅडम, एका माणसासाठी आपण क्लायंटला लिहून द्यायचं की आपलं मॉड्यूल उलटं शिकवतं? दोनशे अकरा सर्टिफिकेटं गेलीत.”

“तीच तर काळजी आहे. ते दोनशे अकरा आज व्हॉल्व्हपाशी उभे आहेत.”

“ते पास आहेत.”

“ते नापास आहेत, निशांत. आपण त्यांना नापास व्हायला शिकवलं आणि वर कागद उडवले.”

तो काही वेळ खुर्ची डावी-उजवी करत राहिला. “लिहायचं म्हटलं तर चूक कोणाची लिहिणार?”

“माझी. तशीही माझीच आहे.”

“सात जणांनी अप्रूव्ह केलंय मॅडम. एकट्या कशाला घेता?”

त्यानं हे भलेपणानं म्हटलं होतं, हे मान्य करते. पण सात जणांत वाटली की चूक कोणाचीच राहत नाही, आणि मग देसाईंना हवा तो कागद कोणी लिहीत नाही. मी जागेवर येऊन लिहिला. सहा वाक्यं झाली. त्यातली चार अशी: “चौदाव्या प्रश्नातील व्हॉल्व्हचे चित्र तयार करताना ते आरशाप्रमाणे उलटे केल्याने बंद करण्याची दिशा चुकीची झाली. ही चूक माझी आहे. श्री. जनार्दन म्हात्रे यांनी नऊही वेळा दिलेले उत्तर बरोबर होते. या प्रश्नापुरता निकाल दोनशे अकरा नापास व एक पास असा वाचावा.”

निशांत आणि आमचे मालक दोघांनाही प्रत लावली आणि पाठवून दिला. सव्वापाच वाजले होते. मग साडेपाचला घरी गेले नाही. बसून चाक काढलं.

गुरुवारी ऑफिसात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. शुक्रवारी देसाईंचा फोन आला की म्हात्र्यांचा पास झाला. त्यांनी त्या दोनशे अकरा जणांना दहा-दहाच्या गटानं बी लाइनवर न्यायला सुरुवात केली होती, खऱ्या चाकापाशी. शिकवत जनादादा होते. एकेकाचा हात चाकावर ठेवून फिरवून घेत होते. “आतापर्यंत चौतीस जणांनी पहिल्यांदा डावीकडे फिरवलं,” देसाई म्हणाले. “बरीच वर्षं काम केलेलेसुद्धा.” मी तो आकडा वहीत लिहिला.

त्या कारखान्याची पुढची दोन मॉड्यूलं दुसरीकडे गेली. मालकांनी मला बोलावून सांगितलं की प्रामाणिकपणा चांगला, पण त्याची एक प्रोसेस असते. ती प्रोसेस काय, ते त्यांनी सांगितलं नाही. निशांत आता सगळ्या मीटिंगांत ‘ग्राउंड व्हॅलिडेशन’ हा शब्द वापरतो. अर्थ असा की ज्याला ते काम येतं त्याला आधी दाखवा. चांगली कल्पना आहे. इंग्रजीत असल्यामुळे मान्य झाली.

आणि कधी कोणी नवीन आलं की त्याला पहिल्या दिवशी मी फिरणारं चाक काढायला देते. ते आरशात धरल्यासारखं उलटं करायला सांगते, आणि काय बदललं ते विचारते. बहुतेक जण सांगतात, छान दिसतंय.

दुरुस्त मॉड्यूल घेऊन मी पुढच्या बुधवारी पुन्हा तळोज्याला गेले. पहिलं बोट जनादादांचं लागेल, अशी अट मीच घातली होती. तेच टेबल, तोच फोन. त्यांनी चष्मा लावला, बी लाइनचं चाक शोधलं आणि उजवीकडे फिरवलं, सावकाश, शेवटपर्यंत. आधी गळती थांबली. मग वरून लाल, हिरवे, पिवळे तुकडे पडायला लागले आणि पाइपांवर, पंपावर, वाटेवर सगळीकडे पसरले.

जनादादांनी ते नीट बघितलं. मग बोट काढून घेतलं.

“ताय,” ते म्हणाले, “गलती थांबली. पन आता ह्यो कचरा कोन झारनार?”

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि तुकडे काढून टाकले. निशांतला नंतर सांगितलं. आता त्या मॉड्यूलमध्ये चाक बरोबर फिरवलं की व्हॉल्व्ह बंद होतो आणि गळती थांबते. दुसरं काही होत नाही.